बॉस्टन ब्रेव्ह्ज संघाचा १९१४ चा हंगाम

बॉस्टन ब्रेव्ह्ज या अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल संघाचा १९१४ चा हंगाम हा या खेळाच्या इतिहासातील सर्वांत अनपेक्षित यशांपैकी एक मानला जातो. ४ जुलै १९१४ रोजी हा संघ नॅशनल लीगमधील आठ संघांत तळाशी होता आणि अग्रस्थानी असलेल्या न्यूयॉर्क जायंट्सपेक्षा १५ सामन्यांनी मागे होता. त्यानंतर खेळलेल्या निर्णायक ८७ सामन्यांपैकी ६८ सामने जिंकून त्याने लीगचे अजिंक्यपद साडेदहा सामन्यांच्या आघाडीने मिळवले. पुढे ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत त्याने फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स या तत्कालीन बलाढ्य संघाला सलग चार सामन्यांत पराभूत केले. या कामगिरीमुळे हा संघ 'चमत्कारी ब्रेव्ह्ज' या नावाने ओळखला जाऊ लागला.

या संघाचे व्यवस्थापक जॉर्ज स्टॉलिंग्स, तर कर्णधार जॉनी एव्हर्स हे होते. संघाने एकूण १५८ सामने खेळले. त्यांपैकी ९४ जिंकले, ५९ गमावले आणि ५ सामने बरोबरीत सुटले.

खेळाची तोंडओळख

बेसबॉलमध्ये प्रत्येक संघात नऊ खेळाडू असतात आणि सामना साधारणपणे नऊ डावांचा असतो. प्रत्येक डावात दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात आणि तीन खेळाडू बाद झाले की त्या संघाची पाळी संपते. चेंडू टाकणाऱ्यास पिचर आणि फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्यास कॅचर म्हणतात. फलंदाजाने चेंडू टोलवल्यानंतर चौकोनाच्या कोपऱ्यांवरील तीन तळ, म्हणजे बेस, क्रमाने पार करून मूळ जागी परत आल्यास एक धाव मिळते. नऊ डावांनंतर धावसंख्या समान असेल, तर निकाल लागेपर्यंत जादा डाव खेळवले जातात. क्रिकेटप्रमाणे येथे धावांचे डोंगर उभे राहत नाहीत. एखादा सामना १–० अशा फरकानेही संपतो.

१९१४ च्या सुमारास तर धावा विशेष दुर्मिळ होत्या. चेंडू फारसा उसळत नसे, एकच चेंडू मळकट व मऊ होईपर्यंत वापरला जाई आणि पिचरला त्यावर थुंकी लावण्याचीही मुभा होती. अशा चेंडूची दिशा फलंदाजाला ओळखता येणे कठीण जाई. म्हणून ज्या संघाकडे दोन-तीन उत्तम पिचर असत, त्याचे पारडे जड राहत असे. बेसबॉलच्या इतिहासात साधारण १९१९ पर्यंतच्या या काळाला 'मृत चेंडूचे युग' असे म्हटले जाते.

गुणतक्त्यात एक संघ दुसऱ्यापेक्षा किती 'सामन्यांनी मागे' आहे, हे काढण्याची रीत सोपी आहे. दोन्ही संघांच्या विजयांतील फरक आणि पराभवांतील फरक यांची बेरीज करून तिला दोनने भागतात. १९१४ च्या अखेरीस ब्रेव्ह्जचे ९४ विजय व ५९ पराभव होते, तर जायंट्सचे ८४ विजय व ७० पराभव. विजयांतील फरक १०, पराभवांतील फरक ११, बेरीज २१. म्हणून आघाडी साडेदहा सामन्यांची ठरली.

पार्श्वभूमी

बॉस्टनचा हा संघ १८७१ मध्ये स्थापन झाला आणि १८७६ मध्ये नॅशनल लीग सुरू झाली तेव्हा तिच्या संस्थापक संघांपैकी एक होता. एकोणिसाव्या शतकात त्याने नॅशनल लीगची आठ अजिंक्यपदे मिळवली. १९०१ मध्ये अमेरिकन लीग ही दुसरी प्रमुख लीग उभी राहिली आणि तिचा एक संघ बॉस्टनमध्येच स्थापन झाला. पुढे बॉस्टन रेड सॉक्स या नावाने प्रसिद्ध झालेल्या या नव्या संघाने जुन्या संघाचे अनेक खेळाडू आपल्याकडे ओढले आणि त्यांच्याबरोबर प्रेक्षकही गेले. रेड सॉक्सने १९०३ व १९१२ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. जुन्या संघाला मात्र उतरती कळा लागली. १९०९ ते १९१२ ही सलग चार वर्षे तो नॅशनल लीगमध्ये शेवटचा आला आणि या प्रत्येक वर्षी त्याने शंभर किंवा त्याहून अधिक सामने गमावले.

या काळात संघाचे मालक आणि नावही वारंवार बदलत राहिले. 'डव्ह्ज' आणि 'रस्लर्स' ही नावे मागे टाकून १९१२ मध्ये त्याने 'ब्रेव्ह्ज' हे नाव घेतले. नवे मालक जेम्स गॅफ्नी हे न्यूयॉर्कमधील बांधकाम कंत्राटदार होते आणि तेथील टॅमनी हॉल या राजकीय संघटनेशी त्यांचा संबंध होता. या संघटनेचे नाव टॅमनेंड या अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या एका प्रमुखावरून पडले होते आणि तिचे सदस्य स्वतःस 'ब्रेव्ह', म्हणजे योद्धा, म्हणवून घेत. तेच नाव संघाला मिळाले.

संघाचे मैदान साउथ एंड ग्राउंड्स हे जुने व अपुरे होते. १८९४ मधील आगीत तेथील भव्य लाकडी प्रेक्षागृह जळून गेले होते आणि त्या जागी उभारलेले नवे प्रेक्षागृह पूर्वीपेक्षा लहान होते. शहरातील दुसऱ्या संघाकडे मात्र १९१२ मध्ये उघडलेले फेनवे पार्क हे प्रशस्त मैदान होते.

स्टॉलिंग्स यांची नियुक्ती व संघबांधणी

१९१३ च्या हंगामासाठी गॅफ्नी यांनी जॉर्ज स्टॉलिंग्स यांना व्यवस्थापक नेमले. जॉर्जिया राज्यातील स्टॉलिंग्स यांनी यापूर्वी फिलाडेल्फिया, डेट्रॉइट व न्यूयॉर्क येथील संघांचे व्यवस्थापन केले होते. मैदानाबाहेर ते सुसंस्कृत गृहस्थ म्हणून ओळखले जात. सामना सुरू झाला की मात्र त्यांच्या जिभेला लगाम राहत नसे. ते कमालीचे अंधश्रद्धाळूही होते. खेळाडूंच्या बाकाजवळ कागदाचे कपटे पडलेले त्यांना खपत नसत. आपला संघ धावा करू लागला, की त्या क्षणी ज्या स्थितीत बसले असतील त्याच स्थितीत ते निश्चल राहत. प्रतिस्पर्धी त्यांची ही खोड ओळखून मुद्दाम कागदाचे तुकडे टाकीत असत.

पहिल्याच वर्षी संघ ६९ विजय व ८२ पराभवांसह पाचव्या स्थानी आला. ही प्रगती लक्षणीय होती, परंतु पुढील यशाची कल्पना कोणास यावी इतकी नव्हती.

१९१४ च्या प्रारंभी संघात एक महत्त्वाची भर पडली. शिकागो कब्जचे दुसऱ्या बेसवरील नामांकित खेळाडू जॉनी एव्हर्स यांना त्या संघाच्या मालकांनी व्यवस्थापकपदावरून दूर केले आणि ते बॉस्टनकडे आले. १९०७ व १९०८ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या कब्ज संघाचे एव्हर्स हे आधारस्तंभ होते. शरीराने किरकोळ, नियमांचे बारकावे मुखोद्गत असलेले आणि स्वभावाने अत्यंत भांडखोर अशा या खेळाडूस 'खेकडा' हे टोपणनाव मिळाले होते. स्टॉलिंग्स यांनी त्यांना कर्णधार केले. त्यांच्या शेजारी दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर २२ वर्षांचा वॉल्टर मॅरनव्हिल खेळत असे. ठेंगणा, चपळ आणि खोडकर मॅरनव्हिल 'रॅबिट', म्हणजे ससा, या नावानेच प्रसिद्ध होता. उंच उडालेला चेंडू पोटाजवळ हातांची झोळी करून झेलण्याची त्याची लकब प्रेक्षकांना फार आवडे. अनुभवी एव्हर्स व तरुण मॅरनव्हिल यांच्या जोडीने संघाचे क्षेत्ररक्षण भक्कम केले.

बाहेरील क्षेत्ररक्षकांच्या तीन जागांसाठी स्टॉलिंग्स यांच्याकडे एकही असामान्य खेळाडू नव्हता. ही उणीव त्यांनी योजकतेने भरून काढली. डावखुऱ्या पिचरपुढे उजव्या हाताचा फलंदाज आणि उजव्या हाताच्या पिचरपुढे डावखुरा फलंदाज सामान्यतः अधिक यशस्वी ठरतो. त्यामुळे प्रतिस्पर्धी पिचर कोण आहे हे पाहून ते या जागांवर खेळाडूंची अदलाबदल करीत. ही पद्धत त्यांच्याआधीही क्वचित वापरली गेली होती, परंतु संपूर्ण हंगामभर इतक्या सातत्याने ती राबवून विजेतेपद मिळवणारा संघ म्हणून ब्रेव्ह्जचे नाव घेतले जाते. नियमित खेळणाऱ्यांपैकी फलंदाजीची सरासरी .३०० च्या वर असलेला एकमेव खेळाडू जो कॉनोली (.३०६) हाही या अदलाबदलीतून सुटला नाही.

हंगामाची निराशाजनक सुरुवात

एप्रिलमध्ये हंगाम सुरू झाला तेव्हा पहिल्या २२ सामन्यांपैकी ब्रेव्ह्जने केवळ ४ जिंकले. मे व जूनमध्ये खेळ काहीसा सुधारला, तरी संघ तळाशीच राहिला.

४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. या दिवशी जो संघ लीगमध्ये आघाडीवर असतो तोच बहुधा अखेरीस अजिंक्यपद मिळवतो, असा बेसबॉलप्रेमींचा जुना समज आहे. त्या दिवशी ब्रेव्ह्जने ब्रुकलिनविरुद्धचे दोन्ही सामने गमावले. २६ विजय व ४० पराभव अशी संघाची स्थिती झाली. त्यानंतर लगेचच दुय्यम दर्जाच्या लीगमधील बफेलो संघाशी झालेल्या एका प्रदर्शनीय सामन्यातही ब्रेव्ह्जला हार पत्करावी लागली. व्यावसायिक संघाच्या दृष्टीने याहून मोठी नामुष्की नव्हती.

जुलै-ऑगस्टमधील मुसंडी

संघाच्या परिस्थितीत एक गोष्ट आशादायक होती. जायंट्स सोडल्यास लीगमधील इतर संघांत फारसे अंतर नव्हते. त्यामुळे थोडे विजय मिळाले तरी अनेक पायऱ्या एकदम चढणे शक्य होते. आणि तसेच घडले. १८ जुलैपर्यंत शेवटचा असलेला संघ १९ जुलै रोजी सिनसिनाटीविरुद्धच्या विजयांमुळे तळातून बाहेर पडला आणि काही दिवसांतच चौथ्या स्थानी पोहोचला.

याच सुमारास युरोपात पहिल्या महायुद्धाचा वणवा पेटला. ऑगस्टमधील अमेरिकन वृत्तपत्रे युद्धाच्या वार्तांनी भरून गेली, तरी बॉस्टनमध्ये ब्रेव्ह्जच्या विजयांना त्यांच्या शेजारी जागा मिळू लागली. ऑगस्टच्या मध्यास संघ न्यूयॉर्कमध्ये जायंट्सच्या पोलो ग्राउंड्स या मैदानावर दाखल झाला आणि तेथील तिन्ही सामने त्याने जिंकले. तिसऱ्या सामन्यात डावखुरा पिचर जॉर्ज टायलर याने ख्रिस्टी मॅथ्यूसन या थोर पिचरविरुद्ध दहा डावांत २–० असा विजय मिळवला. शेवटच्या स्थानावरून उठलेला हा संघ आता अजिंक्यपदाचा दावेदार झाला होता.

याच महिन्यात कर्णधार एव्हर्स यांच्या तीन वर्षांच्या मुलीचे लोहितांग ज्वराने निधन झाले. हे दुःख पचवून ते संघात परतले आणि हंगामाच्या अखेरीपर्यंत खेळले.

प्रेक्षकांची गर्दी वाढू लागल्यावर साउथ एंड ग्राउंड्स अपुरे पडू लागले. तेव्हा रेड सॉक्सचे मालक जोसेफ लॅनिन यांनी फेनवे पार्क ब्रेव्ह्जला वापरण्यास दिले. एकेकाळी ज्या संघाने प्रेक्षक पळवले, त्याच संघाच्या मैदानावर आता ब्रेव्ह्जचे सामने होऊ लागले. संपूर्ण हंगामात संघाच्या घरच्या सामन्यांना सुमारे ३ लाख ८० हजार प्रेक्षक आले. नॅशनल लीगमध्ये ही संख्या त्या वर्षी सर्वाधिक होती.

जायंट्सशी निर्णायक लढत

न्यूयॉर्क जायंट्स हा संघ जॉन मॅक्ग्रॉ यांच्या व्यवस्थापनाखाली १९११, १९१२ व १९१३ अशी सलग तीन वर्षे लीगचा विजेता ठरला होता. ७ सप्टेंबर १९१४ रोजी, म्हणजे अमेरिकेतील कामगार दिनाच्या सुटीला, तो फेनवे पार्कवर आला तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. सकाळी व दुपारी असे दोन सामने ठेवण्यात आले आणि दोन्ही मिळून सुमारे ७४ हजार प्रेक्षकांनी ते पाहिले.

सकाळच्या सामन्यात पुन्हा मॅथ्यूसन समोर होता. नवव्या डावापर्यंत ब्रेव्ह्ज एका धावेने मागे होते. अशा वेळी एव्हर्स यांच्या फटक्यावर दोन धावा निघाल्या आणि सामना ५–४ असा जिंकला गेला. दुपारचा सामना जायंट्सने १०–१ असा सहज जिंकला. त्यात टायलरचा एक चेंडू जायंट्सच्या फ्रेड स्नॉडग्रासला लागला आणि दोघांत बाचाबाची झाली. स्नॉडग्रासने प्रेक्षकांना वेडावून दाखवताच त्याच्यावर बाटल्या भिरकावल्या गेल्या. बॉस्टनचे महापौर जेम्स कर्ली स्वतः मैदानात उतरले आणि स्नॉडग्रासला बाहेर काढावे अशी मागणी त्यांनी केली. १९१२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये याच मैदानावर सुटलेल्या एका झेलामुळे स्नॉडग्रास आधीच बॉस्टनकरांच्या थट्टेचा विषय झालेला होता.

दुसऱ्या दिवशी, ८ सप्टेंबरला, बिल जेम्स याच्या बळावर ब्रेव्ह्जने ८–३ असा विजय मिळवला. त्यानंतर त्यांचे अग्रस्थान सुटले नाही. ९ सप्टेंबर रोजी हार्वर्डमध्ये कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या जॉर्ज डेव्हिस या पिचरने फिलाडेल्फिया फिलीज संघाला संपूर्ण सामन्यात एकही यशस्वी फटका मारू दिला नाही. ब्रेव्ह्जने तो सामना ७–० असा जिंकला. सप्टेंबर संपण्यापूर्वीच अजिंक्यपद निश्चित झाले.

प्रमुख पिचर

ब्रेव्ह्जच्या यशाचा मुख्य भार तीन पिचरांनी वाहिला. त्यांच्या नावावरील विजय व पराभव असे होते:

डिक रुडॉल्फ: २६ विजय, १० पराभव
बिल जेम्स: २६ विजय, ७ पराभव
जॉर्ज टायलर: १६ विजय, १३ पराभव

म्हणजे संघाच्या ९४ विजयांपैकी ६८ या तिघांचे होते. रुडॉल्फ हा वेगापेक्षा अचूकतेवर व फलंदाजाच्या मनाचा ठाव घेण्यावर विसंबणारा होता. उंच व धिप्पाड जेम्स कॅलिफोर्नियाचा असून तो केवळ २२ वर्षांचा होता. थुंकी लावलेला चेंडू हे त्याचे मुख्य अस्त्र होते. या दोघांनी प्रत्येकी ३३० हून अधिक डाव टाकले. आजच्या काळात कोणत्याही पिचरकडून एका हंगामात इतके काम करून घेतले जात नाही.

वर्ल्ड सिरीज

नॅशनल लीग व अमेरिकन लीग यांच्या विजेत्यांमध्ये वर्ल्ड सिरीज खेळली जाते आणि चार सामने प्रथम जिंकणारा संघ विजयी ठरतो. अमेरिकन लीगचा विजेता फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स हा संघ कॉनी मॅक यांच्या व्यवस्थापनाखाली १९१०, १९११ व १९१३ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकलेला होता. स्टफी मॅकइनिस, एडी कॉलिन्स, जॅक बॅरी व फ्रँक बेकर या त्याच्या चार खेळाडूंना मिळून 'एक लाख डॉलरची फळी' असे म्हटले जाई. चीफ बेंडर व एडी प्लँक हे त्याचे मुरलेले पिचर होते. त्यातच ब्रेव्ह्जच्या तिसऱ्या बेसवरील रेड स्मिथ याचा पाय हंगामाच्या अगदी अखेरीस मोडला आणि त्याच्या जागी चार्ली डील याला खेळवावे लागले. त्यामुळे ॲथलेटिक्सचा विजय बहुतेकांनी गृहीत धरला होता.

पहिला सामना (९ ऑक्टोबर, फिलाडेल्फिया): ब्रेव्ह्जने ७–१ असा विजय मिळवला. रुडॉल्फने उत्तम चेंडू टाकले, तर बेंडरला सहाव्या डावात माघारी जावे लागले. कॅचर हँक गाउडी याने एक बेस, दोन बेस व तीन बेस अशा तिन्ही प्रकारचे फटके मारले.

दुसरा सामना (१० ऑक्टोबर, फिलाडेल्फिया): जेम्स व प्लँक यांच्यातील द्वंद्व आठ डावांपर्यंत धावहीन राहिले. नवव्या डावात डीलने उंच मारलेला चेंडू क्षेत्ररक्षकाला उन्हामुळे नीट दिसला नाही आणि डील दुसऱ्या बेसवर पोहोचला. मग त्याने चोरून तिसरा बेस गाठला आणि लेस मॅनच्या फटक्यावर धाव पूर्ण केली. जेम्सने संपूर्ण सामन्यात केवळ दोन यशस्वी फटके दिले. निकाल १–० असा लागला.

तिसरा सामना (१२ ऑक्टोबर, फेनवे पार्क): हा मालिकेतील सर्वांत चुरशीचा सामना ठरला. दहाव्या डावात ॲथलेटिक्सने दोन धावा काढून ४–२ अशी आघाडी घेतली. उत्तरादाखल गाउडीने मालिकेतील एकमेव होम रन, म्हणजे चेंडू प्रेक्षकांत धाडणारा फटका, मारला आणि त्याच डावात ब्रेव्ह्जने बरोबरी साधली. बाराव्या डावात गाउडीने दोन बेसचा फटका मारला. त्याच्या जागी धावण्यासाठी आलेल्या मॅनला तिसऱ्या बेसवर बाद करण्याच्या घाईत पिचर जो बुश याने चेंडू भलतीकडे फेकला आणि मॅनने विजयी धाव काढली. निकाल ५–४.

चौथा सामना (१३ ऑक्टोबर, फेनवे पार्क): पाचव्या डावात एव्हर्स यांच्या फटक्यावर दोन धावा निघाल्या आणि रुडॉल्फने ३–१ असा विजय मिळवून दिला.

रुडॉल्फ व जेम्स यांच्या नावे प्रत्येकी दोन विजय लागले. ॲथलेटिक्सला चार सामन्यांत मिळून अवघ्या ६ धावा काढता आल्या आणि त्यांच्या फलंदाजीची सरासरी .१७२ इतकी घसरली. नियमित हंगामात सामान्य फलंदाज असलेल्या गाउडीची सरासरी मात्र .५४५ होती. ११ संधींत त्याने ६ यशस्वी फटके मारले. वर्ल्ड सिरीज सलग चार सामने जिंकून संपवण्याची ही पहिलीच वेळ होती. १९०७ मध्ये शिकागो कब्जनेही एकही सामना न गमावता मालिका जिंकली होती, परंतु तीत एक सामना बरोबरीत सुटला होता.

त्या वर्षी नॅशनल लीगमधील सर्वोत्तम खेळाडूस मिळणारा चामर्स पुरस्कार एव्हर्स यांना मिळाला. मॅरनव्हिल दुसऱ्या व जेम्स तिसऱ्या क्रमांकावर राहिला. मोटारगाडीच्या रूपाने दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराचे ते अखेरचे वर्ष होते. अमेरिकन लीगचा तोच पुरस्कार ॲथलेटिक्सच्या कॉलिन्सला मिळाला.

कारणमीमांसा

'चमत्कार' हा शब्द या हंगामाला कायमचा चिकटला असला, तरी त्यामागील कारणे शोधता येतात. पहिले कारण म्हणजे पिचरांचे सामर्थ्य. दुर्मिळ धावांच्या युगात तीन भरवशाचे पिचर एकाच वेळी भरात येणे हे निर्णायक ठरले. दुसरे कारण स्टॉलिंग्स यांनी मर्यादित साधनांचा केलेला काटेकोर उपयोग. तिसरे कारण एव्हर्स व मॅरनव्हिल यांच्या जोडीने क्षेत्ररक्षणाला दिलेले स्थैर्य. चौथे कारण प्रतिस्पर्ध्यांशी निगडित आहे. जायंट्सचा जोर हंगामाच्या उत्तरार्धात ओसरला. त्यांच्या रूब मार्क्वार्ड या प्रमुख पिचरला त्या वर्षी १२ विजयांसमोर २२ पराभव पाहावे लागले. ब्रेव्ह्ज वर चढत असताना जायंट्स खाली येत होते, म्हणून १५ सामन्यांचे अंतर सुमारे दोन महिन्यांत भरून निघाले.

ॲथलेटिक्सच्या पराभवालाही पार्श्वभूमी होती. १९१४ मध्ये फेडरल लीग ही तिसरी लीग स्वतःस प्रमुख म्हणवून मैदानात उतरली होती आणि अधिक वेतनाचे आमिष दाखवून खेळाडूंना फोडत होती. मॅक यांच्या संघातील अनेकांचे लक्ष या वाढीव वेतनाकडे लागले होते आणि संघात पूर्वीची एकजूट उरली नव्हती. तरीही हे सर्व विचारात घेतल्यावरही ८७ पैकी ६८ विजय ही कामगिरी असाधारणच ठरते.

परिणाम

या मालिकेनंतर विजेत्या व पराभूत अशा दोन्ही संघांची वाटचाल बदलली. फेडरल लीगच्या वेतनाशी स्पर्धा करणे शक्य नाही, हे ओळखून मॅक यांनी आपला संघ मोडीत काढला. प्लँक व बेंडर फेडरल लीगमध्ये गेले. कॉलिन्सला ५० हजार डॉलरला शिकागो व्हाइट सॉक्सकडे विकण्यात आले. बेकर करारावरील मतभेदामुळे १९१५ चा हंगाम खेळलाच नाही. पाच वर्षांत चार वेळा लीग जिंकणारा हा संघ १९१५ मध्ये ४३ विजय व १०९ पराभवांसह शेवटचा आला आणि १९२१ पर्यंत सलग सात वर्षे तळाशीच राहिला.

ब्रेव्ह्जसाठी गॅफ्नी यांनी ४० हजारांहून अधिक प्रेक्षक सामावणारे ब्रेव्ह्ज फील्ड हे नवे मैदान बांधले. ऑगस्ट १९१५ मध्ये ते उघडले. १९१५ व १९१६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये रेड सॉक्सने आपले घरचे सामने याच मोठ्या मैदानावर खेळून घेतले. अशा रीतीने फेनवे पार्कच्या उपकाराची परतफेड झाली. संघ स्वतः मात्र १९१५ मध्ये दुसऱ्या स्थानी आला आणि पुढे पुन्हा मागे पडत गेला. स्टॉलिंग्स १९२० पर्यंत व्यवस्थापक राहिले, परंतु त्यांना दुसरे अजिंक्यपद मिळाले नाही.

विजयाची किंमत सर्वांत अधिक बिल जेम्सने मोजली. १९१४ मधील अतिश्रमानंतर त्याचा खांदा कायमचा निकामी झाला. १९१५ मध्ये त्याला केवळ ५ विजय मिळाले आणि १९१९ मधील एका सामन्याचा अपवाद वगळता तो प्रमुख लीगमध्ये पुन्हा खेळू शकला नाही. त्याच्या कारकिर्दीतील एकूण ३७ विजयांपैकी २६ त्या एकाच हंगामातील आहेत. गाउडी १९१७ मध्ये अमेरिकन सैन्यात दाखल झाला. पहिल्या महायुद्धासाठी नाव नोंदवणारा तो प्रमुख लीगमधील पहिला खेळाडू होता. फ्रान्समधील आघाडीवरून परतल्यावर त्याने पुन्हा बेसबॉल खेळण्यास प्रारंभ केला.

वारसा

एव्हर्स यांचा १९४६ मध्ये आणि मॅरनव्हिल यांचा १९५४ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. बॉस्टन ब्रेव्ह्जने पुढील लीग अजिंक्यपद थेट १९४८ मध्ये मिळवले, मात्र त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज त्यांनी गमावली. १९५३ मध्ये हा संघ मिलवॉकी येथे आणि १९६६ मध्ये अटलांटा येथे स्थलांतरित झाला. त्याने १९५७ मध्ये मिलवॉकीत, तर १९९५ व २०२१ मध्ये अटलांटात वर्ल्ड सिरीज जिंकली. बॉस्टनमध्ये असताना मिळालेले वर्ल्ड सिरीजचे एकमेव विजेतेपद १९१४ चेच राहिले.

अमेरिकेत आजही जुलै महिन्यात एखादा संघ तळाशी असला, की त्याच्या समर्थकांना १९१४ च्या ब्रेव्ह्जची आठवण करून दिली जाते.